तीन महिन्यांची साखर

"मूठ घट्ट करा," सूनबाई म्हणाली आणि सासऱ्यांच्या दंडाला बांधलेला रबरी पट्टा तिनं आणखी जरा ओढला.

"अगं, हात आहे माझा, नळ नाही."

"बोलू नका. शीर सरकते."

"सरकतेय कुठली! तुला बघून तिची दातखीळ बसलीय."

बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेली माणसं हसली. सूनबाई हसली नाही. एरवी तिनंही काहीतरी टोला हाणला असता, पण आज तिच्या कपाळावर आठी होती ती होतीच. तिनं कापसानं जागा पुसली, सुई टोचली आणि जांभळ्या झाकणाची नळी गडद रक्तानं भरू लागली. तिच्या हाताला गुणच तसा होता. टोचलं हे माणसाला टोचून झाल्यावर कळायचं. म्हणूनच सासऱ्यांनी तिचं नाव 'सुई' ठेवलं होतं. घरात सुई, फोनवर सुई, चार पाहुण्यांसमोरसुद्धा "आमची सुई कुठंय?" लग्नानंतर पहिली काही वर्षं तिला त्याचा राग यायचा. आता कुणी तिला खऱ्या नावानं हाक मारली तर तीच इकडेतिकडे बघते.

"झालं. कापूस दाबून धरा."

"आता काही खाऊ का?"

"काकडी खा," सूनबाई म्हणाली.

सासऱ्यांचा चेहरा पडला. काकडीचं नाव तिनं मुद्दाम घेतलं होतं, हे त्यांनाही समजलं. ते गुपचूप उठले, बाही खाली केली आणि कोपर दुमडून घराच्या वाटेला लागले.

काकडीची गोष्ट अशी. सासऱ्यांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले होते. वाण्याचे, सोनाराचे, गोदामातले माणूस उभा राहील एवढाले. काट्याला कसं कसं फसवतात हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण ती सगळी फसवाफसवी शोधून काढण्यातच त्यांची हयात गेली होती. पुढं त्यांना साखरेचा आजार निघाला, गोड बंद झालं, आणि या गृहस्थांनी सगळं ज्ञान स्वतःच्या रक्ताला फसवण्यात लावलं. तपासणी जवळ आली की दोन दिवस नुसती काकडी. उपाशीपोटी रक्त द्यायचं, साखर अगदी शहाण्यासारखी यायची, आणि साळसूद चेहऱ्यानं आकडा घरभर वाचून दाखवायचा. सूनबाईला संशय आला. तिनं त्याच रक्ताची दुसरी तपासणी लावली, तीन महिन्यांच्या सरासरीची. आकडा नऊच्या वर गेला.

"असं कसं?" सासरे म्हणाले होते. "परवापासून मी साखरेचा कण खाल्लेला नाही."

"परवापासून. त्याच्या आधी?"

सासरे पंख्याकडे बघायला लागले.

मग तिनं त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. "बाबा, रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या तीनचार महिने जगतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, लोखंड असलेलं, त्याच्यामुळंच रक्त लाल दिसतं. रक्तात साखर फिरत असली की ती जाऊन त्याला चिकटते. जेवढी साखर जास्त तेवढी जास्त चिकटते. आणि एकदा पक्की चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तुम्ही दोन दिवस काकडी खा नाहीतर गवत खा, आधीची चिकटलेली जाणार कुठं?"

सासऱ्यांनी हे सगळं फार आदरानं ऐकलं. आयुष्यभर काटे बघितलेल्या माणसाला असा काटा पहिल्यांदाच भेटत होता.

"म्हणजे रक्त चुगली करतं."

"करतं."

"कमाल आहे!" ते म्हणाले, आणि कपाटामागं लपवलेला जॅमचा डबा स्वतःच्या हातानं आणून त्यांनी तिच्यापुढं ठेवला. "घे. शब्द देतो तुला. गोड बंद."

त्या शब्दावर ती गेले पाचसहा महिने विसंबून राहिली होती. का राहू नये? तिचे स्वतःचे वडील याच साखरेनं गेले, ती नुकती हातात सुई धरायला शिकत होती तेव्हा. आधी पायाचा अंगठा, मग पाऊल, मग सगळंच. त्यांनाही गोड सुटलं नव्हतं आणि त्यांना दटावायचं वय तिचं नव्हतं. सासऱ्यांच्या रूपानं वडील पुन्हा मिळाले होते, आणि यांना ती तसं जाऊ देणार नव्हती. नवरा महिन्यातले निम्मे दिवस कामासाठी परगावी. तेव्हा जे काय बघायचं ते तिनंच.

आणि मग सासऱ्यांच्या जाकिटात कागद सापडायला लागले.

लिंबाच्या गोळीचे हिरवे, चुरचुरणारे कागद. जाकीट धुवायला टाकताना एक सापडला, तेव्हा ती काही बोलली नाही. एखादी गोळी खाल्ली असेल, माणूस आहे. पुढच्या धुण्याला तीन निघाले. मग ओंजळभर. कागद नीट चौकोनी घड्या घालून ठेवलेले. चोरी करायची तीही किती टापटिपीनं, असं मनात येऊन ती आणखीच भडकली. आणि काल संध्याकाळी सासरे फिरायला निघाले, तर चालताना त्यांचा खिसाच वाजला.

"थांबा," ती म्हणाली आणि सरळ खिशात हात घातला. मूठभर गोळ्या निघाल्या.

"हे काय, बाबा?"

"गोळ्या."

"ते दिसतंय मला. शब्द दिला होतात तुम्ही."

"मी खात नाही, सुई."

"मग काय, झाडांना घालता?"

 सासरे हलक्या आवाजात म्हणाले, "दोन तरी राहू देत."

या 'दोन तरी'नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खिशाचं अस्तर बाहेर काढून शेवटची गोळीसुद्धा काढून घेतली. "खोटं बोलता तुम्ही, बाबा. उद्या सकाळी लॅबमध्ये या. आकडा बघते, आणि वाईट निघाला तर यापुढं एकट्यानं फिरणं बंद. मी बरोबर येईन, नाहीतर घरात बसा."

सासऱ्यांनी अस्तर आत सारलं, खिसा सारखा केला आणि ते जिना उतरून गेले. त्यांनी एखादा विनोद केला असता तरी तिला बरं वाटलं असतं. 'खोटं बोलता' हे आपलेच शब्द तिला रात्रभर ऐकू येत राहिले होते.

आता ती नळी हलकेच खालीवर करून तिनं मशीनमध्ये लावली आणि दुसऱ्या कामाला लागली. लॅब लहानशीच होती. पुढच्या खोलीत बाकं आणि रक्त काढायची रुंद हाताची खुर्ची, मागच्या खोलीत मशिनं, आणि कडेला काचेच्या दाराआड डॉक्टरांची केबिन. मशीन गुरगुरत होतं. सूनबाईनं मनातल्या मनात आकड्याची तयारी करून ठेवली होती. आठ येईल. कदाचित नऊ. संध्याकाळी काय बोलायचं, नवऱ्याला फोनवर काय सांगायचं, सगळं तयार.

पडद्यावर आलं सहा पूर्णांक तीन.

तिनं नळीवरची चिठ्ठी वाचली. सासऱ्यांचीच. ज्याचा आकडा तिला आधीच माहीत होता असा नमुना तिनं मशीनला दिला, मशीननं तो आकडा बिनचूक सांगितला. तिनं सासऱ्यांची नळी पुन्हा लावली. सहा पूर्णांक तीन. मग तिला दुसरीच भीती वाटली. शरीरात रक्त कमी झालं, पेशी वेळेआधीच मरायला लागल्या, तर साखरेला चिकटायला पुरेसे दिवस मिळत नाहीत आणि हा आकडा उगाच चांगला दिसतो. तिनं घाईघाईनं त्यांचं हिमोग्लोबिन बघितलं, पेशींची मोजणी बघितली. एखाद्या तरण्या माणसाला हेवा वाटावा इतकं ठणठणीत.

केबिनच्या दारातून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं. "काय ताई, मशीन बिघडलं का?"

"नाही हो," सूनबाई म्हणाली. "मशीन ठीक आहे."

म्हणजे सासरे खरंच गोळ्या खात नव्हते. तीन महिन्यांत त्यांच्या रक्ताला लागलेली साखर इतकी थोडी होती की मूठमूठ गोळ्यांचा प्रश्नच नव्हता. मग कागद कुठून आले? आणि तोंडावर सांगत होते, मी खात नाही, तर आपण काय म्हणालो? झाडांना घालता? तिला आठवलं आणि कानशिलं तापली.

एवढ्यात बाहेरच्या खोलीत पर्स पडल्याचा आवाज झाला.

खुर्चीत भूगोलाच्या बाई बसल्या होत्या. निम्म्या वस्तीला त्यांनीच नकाशे वाचायला शिकवलेलं, त्यामुळं निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या सगळ्यांच्या भूगोलाच्या बाईच. दर काही महिन्यांनी रक्त द्यायला यायच्या, केस नीट विंचरलेले, चष्मा गळ्यात साखळीला. आज त्यांचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि बाईंच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता.

"बाई? काय होतंय?"

बाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "बाळ, उत्तर दिशा नेहमी वर असते. मग हे दार खाली कसं काय गेलं?"

बाकावरचा एकजण हसला. सूनबाईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं बाईंच्या मानेला हात लावला. थंडगार घाम. हात थरथरत होते. तिनं बोटातून थेंब काढून छोट्या यंत्रावर टेकवला. साखर पन्नाशीच्याही खाली गेली होती.

"सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं का, बाई?"

"घेतलं की. रोजच्यासारखं."

"आणि खाल्लं काय?"

"उपाशीपोटी या म्हणाला होतात ना तुम्ही." बाईंचा हात मांडीवर परत ठेवलेल्या पर्समध्ये चाचपडत होता. "माझी असते इथं... एक असते..."

हात बाहेर आला. बोटांत एक हिरवा कागद होता. चुरचुरणारा, रिकामा.

सूनबाई त्या कागदाकडे क्षणभर बघत राहिली. पण हे बघत बसायची वेळ नव्हती. तिनं ग्लासभर पाण्यात ग्लुकोज कालवलं, बाईंच्या पाठीमागं हात घालून त्यांना सरळ बसवलं आणि एकेक घोट पाजला. डॉक्टर आले, नाडी बघितली, "आणखी थोडं द्या," म्हणाले. पाव तासानं तिनं पुन्हा थेंब घेतला. साखर वर चढली होती. बाईंच्या गालांवर रंग आला, त्यांनी पदरानं कपाळ टिपलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. सूनबाईचा जीव भांड्यात पडला.

"आता कसं वाटतंय?"

"दिशा जागेवर आल्या," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "काय काय बरळले गं मी?"

"दाराला नापास केलंत." सूनबाई त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. "बाई, रक्त उपाशी द्यायचं असेल तेव्हा इन्सुलिन आधी टोचायचं नाही. रक्त द्यायचं, मग टोचायचं आणि लगेच खायचं. आणि पर्समध्ये गोळी ठेवायला नको का?"

"असते गं नेहमी. मी विसरते, पण आमचे फिरायचे सोबती विसरत नाहीत. मागं एकदा मैदानावरच्या बाकावर मला अशीच घेरी आली. बिचारे रस्त्यापलीकडं पळत गेले आणि गोळी घेऊन आले. तेव्हापासून रोज खिसा भरून येतात. एक माझ्यासमोर मला खायला लावतात, बाकीच्या पर्समध्ये. कागदसुद्धा खाली टाकू देत नाहीत, घडी घालून स्वतःच्या खिशात." बाईंनी हातातल्या हिरव्या कागदाकडे पाहिलं. "काल मात्र त्यांचा खिसा रिकामा, आणि पर्समधली शेवटची मी रात्रीच खाऊन टाकली."

"का?" सूनबाईनं विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं.

"सुनेनं काढून घेतल्या म्हणे."

कुणी थोबाडीत मारावी तसं तिला झालं. तिनं बाईंच्या हातातला ग्लास घेतला, तो पुरता रिकामा असूनही आत बघितलं.

"फार... फार खाष्ट असेल ती सून."

"छे गं! हसत होते ते. म्हणाले, तिचं बरोबरच आहे. एकदा मी तिला बनवलंय, आता तिनं काय म्हणून माझ्यावर विश्वास ठेवावा? मी म्हटलं, अहो, मग सांगून टाका ना खरं काय ते. तर म्हणे, गुपित तुमचं आहे, मी कसा सांगू?"

"गुपित कसलं त्यात?"

"माझ्या लेकीला कळू द्यायचं नाही असं वचन घेतलंय मी त्यांच्याकडून. मला घेरी येते हे तिच्या कानावर गेलं की माझं बाहेर पडणं संपलं. तिची माया आहे गं माझ्यावर, वाईट नाही ती. पण दिवसभर घरात बसून मी काय नकाशे चाटत बसू?" बाईंनी मांडीवरची पर्स सारखी केली. "मी म्हटलं त्यांना, तुमचं फिरणंही जाईल की माझ्यापायी. तर म्हणाले, उद्या ती माझं रक्त बघणार आहे. तिचं तिला कळेल. आमची सून बघितल्याशिवाय राहत नाही आणि बघितलं की चुकत नाही."

सूनबाई उठली आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागली. हात स्वच्छच होते. तरी तिनं ते पुष्कळ वेळ धुतले. तिला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. काल आपण ज्यांना खोटारडं म्हणालो ते तासाभरानं बाकावर बसून आपलं कौतुक करत होते, हे काही केल्या तिच्या गळ्याखाली उतरेना.

डॉक्टरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून इन्सुलिनचं माप थोडं कमी करून दिलं आणि पुढच्या वेळी लेकीला घेऊन या म्हणाले. बाईंचा चेहरा कसनुसा झाला.

"घेऊन या तुम्ही त्यांना," सूनबाई म्हणाली. "त्यांच्याशी मी बोलते. आईला कोंडून काही होत नाही म्हणावं, पर्स भरून दिली की पुरतं. पण त्यांना माहीत असायलाच हवं, बाई."

"तू बोलशील?"

"बोलते ना. मला त्यातलं कळतं."

बाईंनी पर्स सावरली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आज संध्याकाळी फिरायला जाऊ ना मी, डॉक्टर?"

"जा की. पण खाऊन जा."

संध्याकाळी सूनबाई घरी आली तेव्हा सासरे खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे तोंडासमोर धरून होते. फिरायची वेळ झाली होती, पण ते उठले नाहीत. आकडा काय आला हेही त्यांनी विचारलं नाही.

"बाबा, तपासणी झाली."

"हं."

"सहा पूर्णांक तीन. आजवरची सगळ्यात चांगली."

"असं?" वर्तमानपत्र जरा खाली आलं. "मशीन एकदा बघून घे हो."

"बघितलं. दोनदा." ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "चुकलं माझं, बाबा. खोटं बोलता म्हणाले मी तुम्हाला. असं बोलायला नको होतं. कालपासून मला चैन नाही."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घडीवर घडी. ते कागद खिशात कसे घड्या होऊन यायचे हे तिला आता दिसलं.

"वेडी आहेस का? अगं, ज्या वाण्यानं एकदा काट्याखाली लोहचुंबक लावला, त्याचा काटा मी पुढच्या खेपेला उलटा करूनच बघायचो. मग तो कितीही शपथा घेऊ दे. तू काय वेगळं केलंस?" ते उठले. "म्हणजे मी फिरायला जाऊ?"

"जा."

"एकटा?"

"एकटेच."

तिनं खुंटीवरचं जाकीट काढून त्यांच्यासाठी धरलं. त्यांनी एक हात घातला, दुसरा घातला, आणि सवयीनं खिशात हात नेला. हात आतच थांबला. कालच्या सगळ्या लिंबाच्या गोळ्या खिशात होत्या आणि त्यांच्यासोबत ग्लुकोजच्या दोन पुड्या.

"सुई," ते सावकाश म्हणाले, "मला गोड चालत नाही."

"माहितीय. म्हणून तर निर्धास्तपणे ठेवल्या."

"मग या..."

"असू देत. मैदानावर कधी कुणाला लागतात."

सासऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिनं आपलं त्यांची कॉलर सारखी करण्यात लक्ष घातलं.  ते दार उघडून बाहेर पडले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, खिसा वाजला, आणि अर्ध्या जिन्यात दोन्ही आवाज थांबले. मग पावलं पुन्हा वर आली.

"काय विसरलात?"

"काही नाही. तो माझा कंगवा कुठंय?"

सूनबाईनं फळीवरचा कंगवा काढून दिला. सासरे दाराशेजारच्या आरशासमोर उभे राहिले. डोक्यावर जे चार केस उरले होते त्यांना त्यांनी पाणी लावलं, भांग पाडला, मान तिरकी करून बघितलं.

"सावकाश जा, बाबा," ती मागून म्हणाली. "बाई थांबतील."

कंगवा केसांतच थांबला. सासऱ्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. मग त्यांनी घसा साफ केला, कंगव्याला पुन्हा पाणी लावलं आणि भांग पहिल्यापासून पाडायला घेतला.